पिनोकियोचं नाक आणि गोरिल्ला न्यायाधीश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर पिनोकियोची गोष्ट आली होती. पाव पान. म्हाताऱ्या सुताराने लाकडाचा बाहुला केला, बाहुला खोटं बोलला, नाक वाढलं, माशाच्या पोटात गेला, सुधारला, खराखुरा मुलगा झाला. खाली चौकटीत जाड अक्षरांत तात्पर्य: 'नेहमी खरे बोलावे.' शेजारी सिनेमातलं चित्र, पिवळी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेलं. लेखकाचं नाव कुठेच नाही.

माझी उभी हयात तालुक्याच्या कोर्टात गेली. सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. अर्धा कागद वाचून शेरा मारायचा नाही, ही सवय हाडीमाशी भिनलेली आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण पाव पानात बसवताना जे गाळलंत तीच गोष्ट आहे, आणि जे ठेवलंत ते पुस्तकात फार थोडं आहे.

आधी नाकाचा निकाल लावू. गेल्या वर्षी लेकीने नातवासाठी या पुस्तकाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर पाठवलं. नातू तिसरीत. रात्री जेवणं झाली की मी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, असा आमचा क्रम. नाक वाढतंय का याच्यावर त्याची नजर पहारेकऱ्यासारखी. तर पहिल्यांदा ते वाढतं ते म्हातारा सुतार जेपेत्तो बाहुला कोरत असतानाच. म्हातारा कापतोय, ते वाढतंय, कापतोय, वाढतंय. बिचारा बाहुला तोवर एक शब्द बोललेला नाही, तोंडच कोरायचं आहे! खोटं बोलल्यामुळे नाक वाढण्याचा तो सुप्रसिद्ध प्रसंग येतो सतराव्या प्रकरणात. पुढे एकदा एका म्हाताऱ्याला स्वतःचीच तारीफ सांगताना पुन्हा वाढतं. खोट्यापायी नाक वाढायच्या मला तरी दोनच जागा सापडल्या, आणि पुस्तकाची प्रकरणं आहेत छत्तीस. उलट शेगडीवर पाय ठेवून झोपला, पाय जळून गेले, आणि बापाने विचारल्यावर 'मांजराने खाल्ले' म्हणून मोकळा झाला, तेव्हा नाक जागच्या जागी. नातवाने तिथे हरकत घेतली. हरकत रास्त होती.

पण खरी गोष्ट पाचव्या प्रकरणात आहे. जेपेत्तोची खोली म्हणजे एक मोडकी खुर्ची, एक बाज, एक डुगडुगतं टेबल. मागच्या भिंतीत चूल पेटलेली दिसते, चुलीवर पातेलं मजेत उकळतंय, वाफ निघतेय. जवळ जाऊन बघावं तर विस्तव रंगवलेला, पातेलं रंगवलेलं, वाफही रंगवलेली. बाहुला घरात एकटा असतो, पोटात कावळे ओरडत असतात. तो धावत जातो झाकण उघडायला, आणि हात भिंतीला लागतो. लेखक लिहितो की त्याचं आधीच लांब असलेलं नाक तेव्हा आणखी चार बोटं तरी लांब झालं.

म्हणजे भुकेने वाढलं. खोट्याने वाढायच्या कितीतरी आधी.

संपादक महाराज, ज्या घरात स्वयंपाक भिंतीवर रंगवावा लागतो त्या घरातल्या पोराची ही गोष्ट आहे. पुढचं ऐका. त्याला कचऱ्याच्या ढिगात एक अंडं सापडतं. ऑम्लेट करू की आणखी कसं करू, अशा विचारात तो ते फोडतो, तर आतून पिल्लू बाहेर येतं, 'कवच फोडण्याचे माझे श्रम वाचवलेत, आभारी आहे' असं म्हणून वाकून नमस्कार करतं आणि खिडकीतून उडून जातं. नातू पोट धरून हसला. मग जेपेत्तो येतो. खिशात तीन पेअर (नासपती) असतात, त्याच्या स्वतःच्या न्याहारीची. ती तो पोराला देतो. पोराचं म्हणणं, सालं काढून दे. म्हातारा सालं काढतो, पण फेकत नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतो. मधला बियांचा भागही तिथेच. तीन पेअर संपतात आणि बाहुला म्हणतो, अजून भूक आहे. म्हातारा म्हणतो, माझ्याकडे आता एवढंच आहे, सालं आणि गाभे. आधी तोंड वाकडं करून एक साल, मग दुसरं, मग सगळी सालं, मग गाभेसुद्धा. खाऊन झाल्यावर पोटावर हात फिरवत म्हणतो, आत्ता बरं वाटलं! याच्यावर जेपेत्तो त्याला दोन शब्द सुनावतो खरा, पण त्या उपदेशापेक्षा टेबलाचा तो कोपराच जास्त बोलून जातो. आमच्या घरी त्यानंतर काही दिवस पोळीच्या कडा ताटात राहिल्या नाहीत. मी एका शब्दानेही काही सांगितलं नव्हतं.

आणि तो डगला. शाळेत जायला अंकलिपी हवी. पैसा नाही. जेपेत्तो अंगावरचा ठिगळं लावलेला डगला चढवून बाहेर जातो आणि नुसत्या सदऱ्यावर परत येतो. हातात अंकलिपी, बाहेर बर्फ पडतंय.

'बाबा, डगला?'
'विकला.'
'का विकला?'
'फार उकडत होतं.'

एवढंच. अशी वाक्यं लिहिता आली असती तर मी कोर्टात कशाला आयुष्य काढलं असतं! बर्फ थांबल्यावर हेच चिरंजीव ती अंकलिपी चार नाण्यांना एका जुने कपडे विकणाऱ्याला देऊन बाहुल्यांचा खेळ बघायला जातात. लेखक तिथे जेमतेम एका वाक्यात आठवण करून देतो की तिकडे घरी म्हातारा सदऱ्यावर कुडकुडत होता. आपल्या पाव पानात हे काही नाही. जागा नव्हती हे मान्य, पण तात्पर्याच्या चौकटीला तर होती ना?

आता लेखकाबद्दल, कारण त्याच्यावर फारच अन्याय झाला आहे. नाव कार्लो लोरेन्झिनी, जन्म १८२६, फ्लोरेन्स. बाप एका बड्या सरदार घराण्याकडे आचारी. आईचं गाव कोलोदी, तेच त्याने टोपणनाव घेतलं. आचाऱ्याच्या पोराने रंगवलेलं पातेलं लिहावं, याचा मला अजून उलगडा होत नाही, की फारच सहज होतो, कोण जाणे. १८४८ आणि १८५९ अशा इटलीच्या दोन स्वातंत्र्ययुद्धांत तो स्वयंसेवक म्हणून लढला. 'इल लाम्पिओने' नावाचं उपहासाचं पत्र काढलं, ते बंद पाडलं गेलं, अकरा वर्षांनी त्याने ते पुन्हा सुरू केलं. बाकी आयुष्य सरकारी कचेरीत. पगार पुरत नसे आणि जुगाराचा नाद होता. इटली एक देश झाला १८६१ मध्ये. तेव्हा शंभरातल्या सत्तराहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७७ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि लहान मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे असं ठरलं. कायदा झाला, पण अंकलिपी घ्यायची कशाने? डगल्याचा प्रसंग त्या कायद्यानंतर चार वर्षांत लिहिलेला आहे. कोलोदीने स्वतः शाळांसाठी 'जान्नेत्तिनो' आणि 'मिनुत्सोलो' ही पुस्तकं लिहिली होती, ती चाललीही. पिनोकियोत पोरं समुद्रकाठी मारामारी करतात आणि एकमेकांवर शाळेची पुस्तकं फेकतात. पाण्यात पडलेली पुस्तकं मासे खायला येतात आणि थुंकून टाकतात, 'छे, आम्हाला याहून चांगलं खायची सवय आहे.' त्या थुंकलेल्या पुस्तकांच्या यादीत लेखकाने स्वतःची ही दोन्ही पुस्तकं घातली आहेत. स्वतःला हसणारे पाठ्यपुस्तकवाले आपल्याकडे किती निघतील?

आता माझ्या खात्यातला विषय.

पिनोकियोजवळ पाच सोन्याची नाणी असतात, बाहुल्यांच्या खेळाच्या दाढीवाल्या मालकाने कीव येऊन दिलेली, बापाला द्यायला. वाटेत एक लंगडा कोल्हा आणि एक आंधळा बोका भेटतात. लंगडाही नाही आणि आंधळाही नाही, सगळं सोंग. ते सांगतात, चमत्काराच्या शेतात नाणं पेर, पाणी घाल, सकाळी झाडाला नाणी लगडलेली. (दामदुप्पट योजनेच्या कचेऱ्यांपुढे रांगा लावणाऱ्या माझ्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींना मी हे प्रकरण वाचून दाखवणार होते. उशीर झाला.) एक नाणं खानावळीतच जातं. तिथे पोट बिघडलेला बोका टोमॅटोच्या रश्श्यातले पस्तीस मासे आणि वजडीच्या चार थाळ्या एवढंच काय ते खाऊ शकतो. बिल अर्थात बाहुल्याच्या नावावर. उरलेली चार नाणी तो शेतात पुरतो. ती जातात. मग तो नगरीत जाऊन न्यायाधीशापुढे फिर्याद देतो. नगरीच्या नावातच भोळ्यांना धरण्याची सोय आहे, मी नातवाला 'भोटपकड' असं सांगितलं.

न्यायाधीश एक वयस्क गोरिल्ला. पांढरी दाढी, भारदस्त चेहरा, आणि सोन्याच्या काडीचा चष्मा, ज्याला काचा नाहीत. डोळ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे तो त्यांना कायम वापरावा लागतो! पिनोकियो सगळी हकीकत सांगतो, चोरांची नावं, वर्णनं, सगळं. न्यायाधीश अत्यंत आस्थेने ऐकतात, गहिवरतात आणि फिर्यादीचं बोलणं पूर्ण झाल्यावर घंटी वाजवतात. शिपायांच्या वेषातले दोन कुत्रे हजर. हुकूम होतो: 'या गरीब बिचाऱ्याची चार सोन्याची नाणी चोरीला गेली आहेत. तेव्हा याला धरा आणि ताबडतोब तुरुंगात टाका.'

बाहुला काही बोलणार तर कुत्रे त्याचं तोंड दाबतात. चार महिने आत. पुढे त्या नगरीचा राजा लढाई जिंकतो, रोषणाई होते, तुरुंग उघडतात. तुरुंगाधिकारी पिनोकियोला अडवतो, तू नाहीस यांच्यात. बाहुला आता शहाणा झालेला असतो. म्हणतो, 'माफ करा, मीसुद्धा बदमाशच आहे.' 'असं होय, मग तुमचं बरोबर आहे,' असं म्हणून तो अदबीने टोपी काढतो आणि दार उघडून देतो.

मी वाचताना थांबले. नातवाने विचारलं, 'आजी, चोरी याची झाली ना? मग आत हाच कसा?' आणि पाठोपाठ, 'तुझ्या कोर्टात असं व्हायचं?'

व्हायचं नाही, असं सांगणार होते. पण मला एक दूधवाला आठवला. त्याची मोटारसायकल चोरीला गेली, चोर सापडला, गाडीही सापडली. झालं, गाडी मुद्देमाल झाली. ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी. ती परत मिळवायला अर्ज, वकील, गाडीची कागदपत्रं, हमीपत्र, पोलिसांचं म्हणणं, आणि तारखा. कधी पोलिसांचं म्हणणं आलेलं नाही, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी साहेब रजेवर. तो पहाटे सायकलवर कॅन अडकवून दूध घालायचा आणि अकरा वाजता पुकाऱ्यासाठी व्हरांड्यात येऊन बसायचा. त्याच्या गाडीचा चोर जामिनावर सुटून घरी गेला, गाडी नंतर गेली. टायर बसलेले, आरसा गायब. कुणी वाईट वागलं असं नाही. सगळे त्याच्याशी आस्थेनेच बोलत होते, मीसुद्धा. म्हणून तर गोरिल्लाच्या गहिवरण्याशी मी अडखळले. फक्त क्रूर न्यायाधीश दाखवला असता तर ते कुणालाही जमलं असतं. आस्थेने सगळं ऐकून घेणारा आणि मग फिर्यादीलाच आत टाकणारा न्यायाधीश लिहायला कचेरीत आयुष्य घालवलेला माणूसच लागतो.

नातवाला मी दूधवाल्याची गोष्ट सांगितली. तो विचार करून म्हणाला, 'मग गोरिल्ला बरा. त्याने एका दिवसात तरी सांगितलं.'

हे प्रकरण एकोणिसावं. ते एकटं नाही. तिसऱ्या प्रकरणात बाहुला घरातून पळतो, शिपाई त्याला नाकाला धरून पकडतो, आणि भोवती जमलेले बघे कुजबुजतात की जेपेत्तो पोरांच्या बाबतीत फार कडक आहे हो, सापडला तर तुकडे करील. एवढ्या ऐकीव गोष्टीवर शिपाई बाहुल्याला सोडतो आणि बापाला आत टाकतो. समुद्रकाठच्या मारामारीत अंकगणिताचा जाडजूड ग्रंथ कानशिलावर बसून एक पोरगा बेशुद्ध पडतो. बाकीचे पळून जातात. पिनोकियो मात्र रुमाल भिजवून त्याच्या डोक्यावर ठेवत तिथेच थांबतो. शिपाई येतात. मारलं कुणी? मी नाही. कशाने लागलं? या पुस्तकाने. पुस्तक कुणाचं? माझं. बस, चल. म्हणजे तीन अटका, तिन्ही निरपराधांच्या, आणि शेवटच्या वेळी तर मदतीला थांबला म्हणून. उलटतपासणीची इतकी नेमकी नक्कल मी दुसऱ्या कुठल्या बालवाङ्मयात वाचलेली नाही. आता सांगा, या पुस्तकाचं तात्पर्य 'नेहमी खरे बोलावे' कसं? पिनोकियो गोरिल्लापुढे शब्दन् शब्द खरा बोलला आणि आत गेला. तुरुंगाच्या दारात 'मी बदमाश आहे' असं खोटं बोलला आणि सुटला. त्या वेळीही नाक वाढल्याची नोंद नाही.

आपण म्हणाल, मुलांना एवढं कशाला? भीती वाटेल. वाटते. वाटूही द्यावी. चौथ्या प्रकरणात उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याला हा बाहुला हातोडा फेकून मारतो आणि तो भिंतीला चिकटून मरतो. १९४० च्या सिनेमाने याच रातकिड्याला टोपी घालून नायकाचा सल्लागार केलं. (पुस्तकातही तो भूत होऊन परत येतो, नंतर तर डॉक्टर म्हणून येतो, पण तो निराळा विषय.) आणि पंधराव्या प्रकरणात, चोर पिनोकियोला भल्यामोठ्या ओकच्या झाडाला फाशी देतात. त्याआधी तो एका पांढऱ्या घराचं दार ठोठावतो. खिडकीत निळ्या केसांची मुलगी येते, मिटलेले डोळे, मेणासारखा चेहरा, आणि ओठ न हलवता म्हणते, या घरात कुणी नाही, सगळे मेलेत, मीही मेलेय, मला न्यायला येणाऱ्या तिरडीची वाट बघतेय. हे वाचताना मला स्वतःला पाय पांघरुणात घ्यावेसे वाटले. नातू पूर्ण शांत होता. दुसऱ्या रात्री पुस्तक घेऊन तोच आधी आला.

त्या फाशीचा इतिहास तर आपल्यासारख्या वृत्तपत्राने छापायलाच हवा. पिनोकियो पुस्तक म्हणून जन्मलाच नाही. रोममधून फेर्दिनांदो मार्तिनी मुलांसाठी एक साप्ताहिक काढत, त्याच्या पहिल्याच अंकात, ७ जुलै १८८१ ला, 'एका बाहुल्याची गोष्ट' या नावाने ती सुरू झाली. कोलोदी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, नुकताच कचेरीतून सुटलेला. पहिला मजकूर पाठवताना त्याने साप्ताहिकातल्या ग्विदो बिआजीला कळवलं, हा पोरखेळ पाठवतोय, याचं काय हवं ते कर, पण छापलास तर पैसे चांगले दे, म्हणजे पुढचं लिहायची इच्छा होईल. ऑक्टोबरमध्ये त्याने बाहुल्याला झाडावर लटकवलं. 'बाबा, तुम्ही इथे असता तर...' एवढं म्हणून तो डोळे मिटतो, तोंड उघडं, पाय ताठ. समाप्त. लेखकाच्या मते गोष्ट संपली होती. पण छोट्या वाचकांनी ते चालवून घेतलं नाही. त्यांचा आग्रह आणि संपादकांचा रेटा यांनी फेब्रुवारी १८८२ मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली, मेल्या मुलीची परी झाली, बाहुला झाडावरून उतरवला गेला, आणि जानेवारी १८८३ पर्यंत ती चालली. त्याच वर्षी फ्लोरेन्सच्या पाज्जी प्रकाशनाने एन्रिको मात्सान्तीच्या चित्रांसह पुस्तक काढलं. कोलोदी १८९० मध्ये वारला. पुढे आपलं पोर जगभर फिरलं, हे त्याने पाहिलं नाही.

भीतीचा एक उपयोगही सांगते. बाहुल्याला तपासायला तीन डॉक्टर येतात. कावळा सांगतो, माझ्या मते हा मेलेला आहे, पण दुर्दैवाने मेलेला नसेल तर तो जिवंत आहे याचं ते खात्रीशीर लक्षण आहे. घुबड नेमकं उलट सांगतं. (सल्ल्याची फी किती झाली ते लिहिलेलं नाही.) मग बाहुला कडू औषध घ्यायला नकार देतो, साखर खातो, पुन्हा नकार देतो, उशी टोचते म्हणतो, दार उघडं आहे म्हणतो. तेवढ्यात चार काळे ससे खांद्यावर छोटी तिरडी घेऊन आत येतात. 'कुणाला न्यायला?' 'तुला.' 'पण मी मेलो कुठे?' 'अजून नाही, थोडीच मिनिटं आहेत.' पेला एका घोटात रिकामा. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या वेळी आता कुणीही, अगदी नातवाचा बापसुद्धा, दाराकडे बघून 'ससे आले वाटतं' एवढंच म्हणतो.

सगळंच पुस्तक मला आवडलं असं मात्र नाही. ती परी मला पटली नाही. पिनोकियो चुकला की ती स्वतःच्या मरणाचं सोंग करते. एकदा तर चक्क संगमरवरी दगडावर लिहिलेलं असतं की निळ्या केसांची मुलगी इथे निजली आहे, भाऊ पिनोकियो सोडून गेला त्या दुःखाने मेली. पोराला वळण लावायची ही रीत आमच्या पिढीतल्या आयांना नवी नाही, पण म्हणून ती चांगली ठरत नाही. दुसऱ्या भागात उपदेशही वाढतो. मधली काही प्रकरणं मी भराभर उरकली, नातवाने हरकत घेतली नाही.

पण खेळण्यांच्या देशाला पोचलो आणि पुन्हा हळू झालो. शाळा नाही, मास्तर नाही, गुरुवारी सुट्टी आणि आठवड्यात सहा गुरुवार आणि एक रविवार. न्यायला गाडी येते, तिला गाढवांच्या बारा जोड्या, आणि गाढवांच्या पायांत नाल नाही, माणसांचे चामडी बूट. गाडीवान लोण्यासारखा मऊ, गोड बोलणारा, पण गाढवाने लाथ मारली की मुका घेतल्याचं दाखवून त्याचा अर्धा कान चावून तोडतो. एक गाढव रडतं, माणसाच्या पोरासारखं. पाच महिन्यांनी पिनोकियोला आणि त्याच्या जिवलग दोस्ताला, लुचिन्योलोला, कान फुटतात. गाडीवान ती पोरं बाजारात विकतो. तो अशाच धंद्यावर लक्षाधीश झाला, असं लेखक कोरडेपणाने नोंदवतो. पिनोकियो सर्कशीत जातो, लंगडा होतो, मग त्याला एकजण कातड्याचा ढोल करायला विकत घेतो. शेवटी त्याची सुटका होते, बापाला माशाच्या पोटातून घेऊन तो किनाऱ्याला लागतो आणि आजारी बापासाठी पेलाभर दूध मागायला एका माळ्याकडे जातो. माळी म्हणतो, रहाट ओढ, शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध. हे काम आजवर माझं गाढव करायचं, ते आता मरायला टेकलंय. पिनोकियो गोठ्यात जातो. गाढव भुकेने आणि कामाने पार मोडलेलं. तो गाढवांच्या बोलीत विचारतो, तू कोण? ते डोळे उघडून त्याच बोलीत म्हणतं, 'लु... चि... न्यो... लो.' आणि मरतं.

त्याच्यासाठी परी येत नाही. तो परत मुलगा होत नाही. पिनोकियो मूठभर गवत घेऊन डोळे पुसतो, माळी विचारतो, ज्याच्यासाठी तू पैसाही दिला नाहीस त्या गाढवाचं तुला एवढं दुःख? 'तो माझा मित्र होता,' पिनोकियो म्हणतो, 'शाळेतला.' मग माळी खो खो हसतो. नातू तिथे काही बोलला नाही. मीही काही समजावलं नाही.

आता मागणी. आमच्या गावातल्या दुकानांत आणि वाचनालयात मी पाहिलं, तिथे संक्षिप्त, रंगीत, सोळा पानी पिनोकियोच मिळाला. शेवटच्या पानावर तेच तात्पर्य. लेखकाला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, हक्काचा प्रश्न नाही, १८८३ च्या आवृत्तीतली चित्रंही कुणाची परवानगी न घेता छापता येतील. इटालियन शिकलेले मराठी लोक पुण्या-मुंबईत आहेत. छत्तीसच्या छत्तीस प्रकरणं, रंगवलेल्या पातेल्यासकट, हातोड्यासकट, गोरिल्लासकट, कुणीतरी मूळ भाषेतून मराठीत आणावीत. आणि ती आधी आपल्या पुरवणीत यावीत, दर रविवारी एक प्रकरण, कारण ती लिहिली गेली तशाच वाचण्यासाठी. फाशीचं पंधरावं प्रकरण छापलंत की महिनाभर थांबा आणि टपाल बघा. तात्पर्याच्या चौकटीची जागा त्या पत्रांना द्या.

अनुवादकाला मात्र दर पानामागे आपण नेहमी देता तेवढ्यावर बोळवू नका. बिआजीला लिहिलेली ती ओळ त्यालाही लागू आहे.

आपली,
एक वाचक (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी), मिरज